गोळी बंद करायची, पण कशी?

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एक प्रश्न रोज कानावर येतो. ‘‘डॉक्टर, आता तो बरा आहे. कामावर जातो, वेळेवर जेवतो, झोपतो. गोळ्या कधी बंद होणार?’’ विचारणारी बहुतेक वेळा आई असते. बाहेर रांग लागलेली असते आणि उत्तर ठरलेले असते : ‘‘इतक्यात नाही, चालू ठेवा.’’ पुढच्या महिन्यात ती आई येत नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सहा महिन्यांनी येते, तेव्हा मुलगा चार रात्री झोपलेला नसतो आणि शेजारी आपल्यावर पाळत ठेवून आहेत असे त्याला वाटत असते. गोळ्यांचे विचारले की उत्तर मिळते, ‘‘बरा होता, म्हणून सोडल्या.’’

स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजारांत दिली जाणारी अँटिसायकोटिक औषधे सुरू कशी करायची, डोस किती वाढवायचा, याचे शिक्षण प्रत्येक डॉक्टरला मिळते. ती कमी कशी करायची, याबद्दल मात्र पाठ्यपुस्तकेही थोडक्यात आटोपतात. गेल्या काही वर्षांत जगभर या विषयावर गंभीर संशोधन आणि तितकाच गंभीर वाद सुरू आहे. आपल्याकडे तो ओपीडीच्या दारापर्यंत पोहोचायला हवा, कारण औषध सोडणारे डॉक्टरांच्या परवानगीची वाट पाहत थांबलेले नाहीत.

अमेरिकेत सुमारे 1,500 स्किझोफ्रेनियाग्रस्तांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ अभ्यासात 74 टक्के रुग्णांचे नेमून दिलेले औषध 18 महिन्यांच्या आत बंद झाले किंवा बदलावे लागले. काहींना गुण आला नाही, काहींना दुष्परिणाम सोसवले नाहीत, तर अनेकांनी स्वतःच ते थांबवले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इतक्या काळजीपूर्वक चाललेल्या अभ्यासात ही स्थिती असेल, तर औषधासाठी तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन मजुरीचा दिवस बुडवणाऱ्या घरात काय होत असेल, हे सांगायला नको.

सोडावेसे का वाटते?

ही औषधे 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनच्या रूपाने मानसोपचारात आली आणि वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या भिंतीआड राहणाऱ्या असंख्य रुग्णांना घरी जाता आले. कानात येणारे आवाज, निराधार संशय, अतीव अस्वस्थता यांवर ती परिणामकारक आहेत, याबद्दल फारसा वाद नाही. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, 65 चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात एका वर्षात आजार उलटण्याचे प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांत 27 टक्के, तर औषध थांबवून नुसती साखरेची गोळी दिलेल्यांत 64 टक्के होते.

पण या गुणाची किंमत रुग्णाचे शरीर मोजते. वजन वाढते, मधुमेह जडतो, हात थरथरतात, स्त्रियांची पाळी अनियमित होते, दिवसभर गुंगी राहते. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काहींना तोंडाच्या आणि जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्या कधी कधी कायम राहतात. पंचविशीतल्या मुलाने ‘माझे डोके जड झाले आहे, मला कशातच रस वाटत नाही’ असे म्हटले, की घरच्यांना तो आळस वाटतो आणि डॉक्टरांना आजाराचे लक्षण. तो औषधाचाही परिणाम असू शकतो, हे विचारायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटेच नसतात.

शेवटचे दोन मिलिग्रॅम

औषध अचानक थांबवले की काय होते, हे समजण्यासाठी ते मेंदूत काय करते ते पाहावे लागेल. ही औषधे मुख्यतः डोपामाइन या रसायनाच्या डी-2 रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि डोपामाइनचा मार्ग अडवतात. मेंदूही स्वस्थ बसत नाही. महिनोन्‌महिने अडवणूक झाली, की तो रिसेप्टरची संख्या आणि संवेदनशीलता वाढवून तिच्याशी जुळवून घेतो. अशा वेळी औषध एकदम काढून घेतले, तर तेच नेहमीचे डोपामाइन अति होते. झोप उडते, जीव घाबरा होतो, कधी संशय आणि भासही परततात. शिवाय अनेक औषधे इतर रसायनांवरही काम करीत असल्याने मळमळ, उलट्या, घाम, अंगदुखी असा त्रास होतो.

डोस आणि परिणाम यांचे गणित सरळ रेषेत चालत नाही, ही यातली कळीची बाब. भरलेल्या एसटीची कल्पना करा. चाळीस आसने आहेत आणि साठ प्रवासी. पहिल्या थांब्यांवर उभे असलेले वीस जण उतरले, तरी एकही आसन रिकामे होत नाही. पुढच्या उताऱ्यांपासून मात्र आसने भराभर मोकळी होतात. औषधाचेही साधारण असेच आहे. हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाच्या रोजच्या 2 मिलिग्रॅमनेही 53 ते 74 टक्के डी-2 रिसेप्टर व्यापले जातात, असे मेंदूच्या स्कॅनवरून दिसले आहे. म्हणजे 10 वरून 8 मिलिग्रॅमवर येणे मेंदूला फारसे जाणवत नाही, पण 2 वरून शून्यावर येणे हा कड्यावरून खाली पडण्याचा प्रकार होऊ शकतो. ‘डोस इतका कमी झालाच आहे, आता बंदच करू’ असे जिथे वाटते, नेमकी तीच जागा सर्वात धोक्याची.

याच आधारावर मार्क होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया बुलेटिन’मध्ये एक पद्धत सुचवली. प्रत्येक वेळी मूळ डोसमधून ठरावीक मिलिग्रॅम वजा न करता, त्या वेळी चालू असलेल्या डोसचा चौथा हिस्सा किंवा फार तर निम्मा कमी करायचा. दोन टप्प्यांत तीन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवायचे. पूर्ण थांबवण्याआधीचा डोस नेहमीच्या डोसच्या चाळिसाव्या भागाइतका लहान असावा लागू शकतो. एवढी लहान मात्रा गोळी मोडून जमत नाही, तिथे द्रवरूप औषध उपयोगी पडते. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर मोडूच नयेत.

संशोधनाचा कौल

मग सर्वांनीच सावकाश औषध सोडावे का? इंग्लंडमधील ‘रडार’ चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले, ते उत्साहाला आवर घालणारे आहेत. पुन्हा पुन्हा मनोविकृतीचे झटके येऊन गेलेल्या 253 जणांपैकी निम्म्यांचा डोस काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी केला गेला, तर निम्म्यांचे औषध नेहमीप्रमाणे चालू राहिले. दोन वर्षांनी सामाजिक आणि कामकाजी जीवनात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. रुग्णालयात दाखल करावे लागेल इतका आजार उलटण्याचे प्रमाण मात्र डोस कमी केलेल्यांत 25 टक्के आणि इतरांत 13 टक्के निघाले.

दुसरी बाजू नेदरलँड्समधील लेक्स वुंडरिंक यांच्या अभ्यासाची. त्यात आजाराचा पहिलाच झटका येऊन बरे झालेले रुग्ण होते. सुरुवातीला औषध कमी केलेल्या गटात आजार उलटण्याचे प्रमाण दुपटीने अधिक होते. पण सात वर्षांनी, उपलब्ध झालेल्या 103 जणांत, लक्षणेही नाहीत आणि रोजचे जीवनही सुरळीत अशा अर्थाने बरे झालेले या गटात 40 टक्के होते, औषध चालू ठेवलेल्या गटात 18 टक्क्यांच्या आत. अभ्यास लहान आहे आणि त्यावर आक्षेपही आहेत. तरी दोन्ही अभ्यास एकत्र वाचले, की एक गोष्ट स्पष्ट होते : ‘सर्वांना जन्मभर’ आणि ‘सर्वांना बंद’ ही दोन्ही उत्तरे आळशी आहेत. पहिलाच झटका येऊन दीर्घकाळ स्वस्थ असलेली व्यक्ती आणि पाच वेळा दाखल झालेली, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती यांचा हिशेब वेगळा असतो. अनेकांच्या बाबतीत पूर्ण बंद करण्यापेक्षा सर्वात कमी परिणामकारक डोसवर स्थिरावणे हेच योग्य ठरते, आणि तेही काही कमी यश नाही.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे?

डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांसोबतच आणि आयुष्य स्थिर असतानाच घ्यावा. लग्न, नोकरी बदल, परीक्षा, बाळंतपण किंवा घरातला मृत्यू यांच्या आसपास नको. एका वेळी एकच औषध कमी करावे. थरथर कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळीही त्याच वेळी थांबवू नये. दारू-गांजा दूर ठेवावा. सर्वात आधी बिघडते ती झोप, म्हणून तिची नोंद रोज ठेवावी. सलग दोन-तीन रात्री झोप गेली, की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे.

डोस कमी केल्यानंतर काही दिवसांतच आलेला त्रास औषध सोडण्याचा असू शकतो. तो मागच्या डोसवर परतल्यावर बहुधा लवकर ओसरतो. आठवडे-महिन्यांनी हळूहळू वाढत जाणारी लक्षणे आजार उलटल्याची असण्याची शक्यता अधिक. ही सीमारेषा पुसट आहे, म्हणून निदान घरी करू नये. महिन्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे : औषध शरीरात बराच काळ रेंगाळते, त्यामुळे ‘इंजेक्शन चुकले तरी काही झाले नाही’ हा समज काही महिने टिकतो आणि मग फसवतो.

क्लोझापिनचा तर वेगळाच विचार करावा लागतो. ते अचानक थांबवल्यास लक्षणे उग्र रूपात परत येऊ शकतात. आणि ते 48 तासांहून अधिक चुकले, तर जुना डोस एकदम पुन्हा घेणे धोक्याचे असते. डॉक्टरांकडून अगदी अल्प मात्रेपासून, 12.5 मिलिग्रॅमपासून, ते पुन्हा सुरू करावे लागते.

व्यवस्थेची जबाबदारी

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, की औषध हळूहळू कमी करावे आणि ते पूर्ण थांबल्यावरही किमान दोन वर्षे रुग्णावर लक्ष ठेवावे. आपल्याकडे औषध चालू असलेल्यांच्याच पाठपुराव्याची मारामार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अत्यावश्यक यादीतील औषधे सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या स्तरावर सर्वकाळ मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे. ‘सर्वकाळ’ हा शब्द महत्त्वाचा, कारण साठा संपला म्हणून थांबलेले औषध हेही अचानक थांबलेलेच औषध असते आणि मेंदूला कारण कळत नाही. याच कायद्याने आपल्या उपचारांबाबत आधीच लेखी इच्छा नोंदवण्याची आणि विश्वासातील प्रतिनिधी नेमण्याची सोय केली आहे. डोस कमी करायला घेण्यापूर्वी, रुग्ण स्वस्थ असताना, ‘पुन्हा बिघडले तर काय करायचे’ हे लिहून ठेवायला तिचा उपयोग करता येईल.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या परिचारिका आणि समाजसेवा अधीक्षकांनी डोस कमी होत असलेल्या रुग्णाला पंधरा दिवसांनी एक फोन केला, तरी पुष्कळ काही टळेल. अडचणीच्या वेळी ‘टेलिमानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, तो क्रमांक केसपेपरवरच छापलेला असावा.

आणि ओपीडीत ‘गोळ्या कधी बंद होणार?’ असे विचारणाऱ्या आईला उत्तर मिळावे, ते असे : ‘‘आज नाही. पण कधी आणि कसे, हे आपण मिळून ठरवू. तोपर्यंत स्वतःहून बंद करू नका आणि दर महिन्याला येत राहा.’’ एवढे ऐकलेली आई पुढच्या महिन्यात परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते.