भाड्याची खुर्ची

लातूरचा ट्यूशन एरिया असो की नांदेडचं बाबानगर, क्लासच्या फलकांच्या गर्दीत आणखी एक पाटी जागोजाग दिसते. अभ्यासिका. टेबल-खुर्ची महिन्याच्या भाड्याने. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारा मुलगा दिवसभर क्लासमध्ये बसतो आणि रात्री इथे येऊन स्वतः अभ्यास करतो. क्लासची फी भरून झाली, तरी खरा अभ्यास करायला जागा वेगळी आणि तिचे पैसेही वेगळे.

क्लास न लावता नीट निघेल का, हा प्रश्न दहावीच्या निकालानंतर मराठवाड्यात घरोघरी निघतो. उत्तर ठरलेलं असतं: नाही. या पाटीकडे पाहून ते एकदा तपासायला हवं. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. ते मिळवायचे तर एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ वाचा, असं क्लासमधले सरच सांगतात. ते वाचन दुसरं कोणी करून देत नाही. पुस्तक एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूचीही मिळतात.

अडतं ते भौतिकशास्त्रात, आणि त्याहून जास्त भाषेत. मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मराठीतून शिकलेली मुलगी अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. वाक्य लावण्यातच तिचा तास जातो. नीटचा पेपर मराठीतही मिळतो. पण दोन वर्षं सगळं विज्ञान इंग्रजीतून वाचल्यावर तो निवडायची हिंमत फार थोड्यांना होते. अंदाजाने उत्तर ठोकावं, तर चुकल्यावर एक गुण कापला जातो. या मुलीला हुशारी शिकवायची गरज नाही. अडलेलं गणित मराठीत समजावणारं कुणीतरी हवं, दर रविवारी एक टेस्ट हवी, आणि बसायला जागा.

हे तिन्ही कनिष्ठ महाविद्यालयाकडे आहे. ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे, अनुदानित तुकड्यांना शासनाच्या पगारावरचे शिक्षक आहेत. तरी कित्येक ठिकाणी विद्यार्थ्याचं नाव कॉलेजच्या पटावर आणि विद्यार्थी क्लासमध्ये, असा कारभार चालतो. या ‘टाय-अप’ला आळा घालायला शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठा उमटला की मूल आलं, एवढंच त्या यंत्राला कळतं. आल्यावर त्याच्या हाती काय पडलं, याची नोंद कोण ठेवणार?

‘लातूर पॅटर्न’ ज्यामुळे गाजला, ते याच्या अगदी उलट होतं. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी जादा तास, सराव परीक्षा, तपासलेल्या उत्तरपत्रिका हे सगळं कॉलेजातच दिलं. खेड्यापाड्यांतली मुलं तेव्हा कॉलेजसाठी लातूरला येत. आज ती त्याच नावाच्या ओढीने येतात आणि आधी क्लासचा पत्ता विचारतात.

ज्याला क्लास परवडतो आणि हवा आहे, त्याने तो जरूर लावावा. पण जो मुलगा पुस्तक घेऊन स्वतः बसू पाहतो, त्याला वेड्यात काढणं बंद झालं पाहिजे. त्याच्या बापाने क्लासच्या फीसाठी जमीन गहाण टाकली नाही, म्हणजे पोराच्या भविष्याची पर्वा केली नाही, असं होत नाही. लातूर आणि नांदेडमधल्या प्रत्येक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाने आपलं ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं. तिथे संध्याकाळी शंका सोडवायला आळीपाळीने एक शिक्षक बसावा आणि रविवारची टेस्ट कॉलेजने घ्यावी. शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय लातुरातच आहे. येत्या जूनमध्ये त्यांनी हजेरीच्या तक्त्याबरोबर ग्रंथालयाची वेळही मागवावी.