फुलपाखरू हवं, अळी नको!

वर्गात फळ्यावर आम्ही फुलपाखराचं जीवनचक्र काढतो आणि बाहेर कुंपणालगतची रुई कचरा म्हणून उपटतो. तिच्या जागी नर्सरीतली शोभेची रोपं. वर विचारणा, ‘सर, फुलपाखरं का येत नाहीत?’ अहो, प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं रुईच्या कुळातल्या झाडांवर. त्याची अळी तीच पानं खाते. रुईचा चीक डोळ्यांना घातक, हे खरं. मग मुलांना तसं सांगा. झाड कशाला मारता?

मीही धुतल्या तांदळाचा नाही. बीएड होऊन पर्यावरण शिकवणारा मी घरी कढीपत्त्यावरच्या अळ्या चिरडायचो. त्या कॉमन मॉरमॉनच्या, हे एका विद्यार्थिनीनं दाखवलं. आता फवारणी बंद. फोडणीला पानं कमी पडतात, घरात कुरकुर होते. होऊ दे.