आधी धूळ, मग ब्रश

लग्नसराई उतरली की हिमायतनगरच्या बिछायत केंद्रांत आणि मंगल कार्यालयांत एक काम निघतं. गालिचे, मॅट, सतरंज्या धुवायला पाठवायच्या आधी घासून घ्यायच्या. नांदेडसारख्या शहरातल्या धुलाईवाल्याकडे फार मळका माल गेला तर भाव वाढणार, म्हणून वरचा थर इथेच काढून टाकावा, हा त्यामागचा हिशेब. हिशेबात खोट नाही. खोट आहे ती साधनाच्या निवडीत. तारेचा ब्रश, काथ्याची घासणी, गाड्या धुण्याचा पंप, फरशी घासायचं मशीन, यांतलं जे जास्त जोर लावेल ते उत्तम, असं गृहीत धरलं जातं. या समजुतीने दरवर्षी चांगला माल अकाली भंगारात जातो. धुलाईआधीच्या कामात पहिला मान कोरडी धूळ ओढणाऱ्या साधनाचा आहे, ब्रश त्याच्या मागून येतो, आणि तो धागा ओळखल्याशिवाय हातात घ्यायचा नसतो.

जोराची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकायला हवं. ते म्हणतात, इथला मळ शहरातल्या बंगल्यातला मळ नाही. महाशिवरात्रीला परमेश्वर मंदिराची यात्रा, मग सप्ताह, लग्नं, सभा. उघड्या मैदानात अंथरलेल्या बिछायतीवर शेकडो पावलं माती घेऊन येतात, वर वरणाचे, हळदीचे, पानाच्या पिचकारीचे डाग. हलक्या हाताने हे कसं निघणार? दुसरं, सवड नसते. आज एका गावाला मंडप, परवा दुसऱ्या. पंपाचा फवारा मारला की मॅट घटकेत उजळते. तिसरं, मशीन महाग आणि ब्रश स्वस्त. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मातीसमोरच टिकत नाही.

पैनगंगेच्या खोऱ्यातली ही काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातले चिकणमातीचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक असतात. पाणी मिळालं की ते फुगतात आणि मिळेल त्याला चिकटतात. पावसाळ्यात गाडीचं चाक धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी ती हीच माती. हिमायतनगर, भोकर, हदगावच्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. गालिच्याच्या लवेत मात्र ती कोरडी असते तोवर मोकळी बसलेली असते. गालिचा उलटा करून पाठीवर थापटलं तर खाली अंथरलेल्या जुन्या चादरीवर राखाडी-काळ्या पिठाचा थर जमतो. एवढ्या सहज सुटणाऱ्या या मातीवर पाणी ओतून ब्रश फिरवला की तिचा चिखल होतो, आणि ब्रशचा प्रत्येक फेरा तो चिखल धाग्याच्या मुळाशी लोटतो. वरून गालिचा स्वच्छ दिसतो, कारण मळ खाली गेलेला असतो. वाळताना पाणी धाग्याच्या टोकाकडे चढतं, मळही त्याच्याबरोबर चढतो, आणि दोन दिवसांनी गालिचा पुन्हा मळकट दिसू लागतो.

अमेरिकेतली आयआयसीआरसी ही संस्था १९७२ पासून सफाईच्या धंद्याची मानकं आणि प्रशिक्षण पाहते. गालिचा-धुलाईसाठी तिचं एस-१०० हे मानक आहे. त्यातली तत्त्वं साधी आहेत. कोरडा मळ काढायचा, उरलेला सैल करायचा, सैल झालेला ओढून बाहेर काढायचा, लव सारखी करायची, वाळवायचं. घासणं येतं ते दुसऱ्या टप्प्यात. आपल्याकडे पहिला टप्पा गाळून दुसऱ्यापासून सुरुवात होते आणि तिसऱ्याची सोयच नसते.

धूळ ‘उडवून’ काढणाऱ्यांसाठी एक जुना दाखला आहे. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. उडालेली बरीचशी धूळ पुन्हा तिथंच बसत होती. ती उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये, असं त्याला वाटलं आणि त्याच वर्षी त्याने आपल्या व्हॅक्यूमचं पेटंट घेतलं. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्याच्या यंत्राने साफ झाले. आज हॉलमध्ये ब्लोअर फिरवून गालिचा झटकणाऱ्यांना बूथचं निरीक्षण जसंच्या तसं लागू पडतं. धूळ एका कोपऱ्यातून उठते आणि दुसऱ्यात बसते.

आता कडक ब्रशकडे वळू. कापलेल्या लवेच्या गालिच्यात प्रत्येक धागा पिळलेला असतो आणि त्याचा पीळ बहुधा उष्णता देऊन पक्का केलेला असतो. तारेचा ब्रश किंवा राठ काथ्या हा पीळ टोकाशी उकलतो. धागा फुलतो, त्यावरून प्रकाश वेगळा परततो, आणि ती जागा कायम फिकी व मळकी दिसते. अशी फुललेली जागा धुतल्याने सुधारत नाही, कारण तिथं मळ उरलेलाच नसतो, धागा मोडलेला असतो. लोकरीचं नुकसान याहून मोठं. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. ओल, उष्णता, सोडा आणि घर्षण एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आटून घट्ट होते. घरची घोंगडी कढत पाण्यात सोडा टाकून कुणी ब्रशने घासत नाही. लोकरीच्या गालिच्यालाही तीच काळजी हवी.

गाड्या धुण्याच्या पंपाचा दाब बहुधा १०० बारच्या पुढे असतो. पत्र्यावरचा चिखल उडवायला तो योग्य. गालिच्यात मात्र तो पाणी पाठीपर्यंत घालतो. टफ्टेड, म्हणजे कापडात सुईने धागे टोचून केलेल्या गालिच्याची पाठ लॅटेक्सने चिकटवलेली असते. ती दिवसभर भिजत राहिली की थर सुटतात. पाठीला ताग असेल तर त्याचा तपकिरी रंग वर चढतो आणि गालिचा कुबट वास धरतो. भदोहीसारख्या गालिच्यांच्या गावीही भरपूर पाण्याने धुलाई होते, असा प्रतिवाद इथे होईल. होते. पण तिथं पाणी घालणाऱ्यांकडे ते पाणी लगोलग ओढून काढण्याची साधनं आणि सराईत हातही असतात. मंडपाच्या गोदामापुढच्या अंगणात ते नसतात. एक सूट मान्य करायला हवी. पॉलिप्रॉपिलिनची, पाठ न चिकटवलेली नॉनवोव्हन मॅट उतारावर पसरून, धूळ काढल्यावर, पसरट फवाऱ्याने लांबून धुतली तर तिचं फारसं बिघडत नाही. चूक होते ती मॅटचा नियम गालिच्याला लावल्यावर.

डागांवर पावडर ओतून घासण्याचा प्रकार हळदीपुरता तरी ताबडतोब थांबायला हवा. नांदेड, हिंगोली, वसमतचा हा हळदीचा मुलूख आणि लग्नात ती सांडणारच. हळदीतलं कर्क्युमिन साध्या पाण्यात पिवळं राहतं, क्षारात लाल-तपकिरी होतं. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. धुण्याची पावडर क्षारधर्मी असते. ती टाकून ब्रश मारला की पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो, आणि घासणारा घाबरून आणखी पावडर टाकतो. खरं तर कोरडी हळद चमच्याने खरवडायची, व्हॅक्यूमने ओढायची, उरलेल्या डागावर थंड पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून त्यात भिजवलेल्या फडक्याने टिपायचं. कर्क्युमिन उन्हात फिकं पडतं, म्हणून पक्क्या रंगाची बिछायत थोडा वेळ उन्हात ठेवली तर काम आणखी सोपं होतं. पावडरीचा दुसरा तोटा असा की तिचा उरलेला चिकटपणा पुढच्या कार्यक्रमाची धूळ पटकन धरतो.

फरशीच्या मशीनबद्दल एवढंच पाहायचं की ते कोणत्या गतीचं आहे. घासायचं एका चकतीचं मशीन मिनिटाला साधारण १५० ते १८० फेरे घेतं, तर चकाकी आणणारं १००० च्याही पुढे जातं. पॉलिप्रॉपिलिन १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. वेगवान चकती एका जागी रेंगाळली तर घर्षणाने धागा चपटा होऊन चकाकतो आणि तो डाग जात नाही. मंद गतीचं मशीनही कापलेल्या लवेवर गोल वळसे उमटवतं. गालिच्यासाठी बनवलेलं मशीन वेगळं असतं. त्यात दोन लांबट रोलर-ब्रश परस्परांविरुद्ध फिरतात, लव दोन्ही बाजूंनी उचलतात आणि केस, दोरे, तांदळाचे दाणे बाजूच्या तबकात टाकतात. ते आधी कोरडं आणि मग द्रावण फवारून, असं दोनदा चालतं.

याच्या उलट टोकालाही एक मत आहे. धुलाईवाला सगळं करणारच, आपण हात कशाला लावायचा? हेही मान्य करता येत नाही. धुळीने भरलेला गालिचा गुंडाळून टेम्पोत टाकला की टोकदार खडे वाटभर धागा कापत राहतात, आणि गोदामात पडून राहिलेला डाग दिवसागणिक पक्का होतो. काम करायचंच आहे, फक्त योग्य साधनाने.

सुरुवात धागा ओळखण्यापासून. कडेचा एक धागा कापून, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने बुडवून सोडायचा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन, कारण त्याची घनता पाण्याहून कमी आहे. दुसरा धागा चिमट्यात धरून जाळायचा. जळक्या केसांचा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे लोकर, कागदासारखा वास म्हणजे सूत, कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. मग पांढरं ओलं फडकं रंगीत भागावर मिनिटभर दाबून धरायचं. फडक्यावर रंग उतरला तर पाणी आणि ब्रश दोन्ही बाजूला ठेवायचे.

यानंतर निवड सोपी होते. नॉनवोव्हन मॅटला लांब दांड्याचा मध्यम कडक नायलॉन ब्रश चालतो. टफ्टेड गालिच्याला दोन रोलरचं मशीन, ते नसेल तर मऊ नायलॉन ब्रश, लवेच्या दिशेने, थोड्या पाण्यात, आणि लगेच पाणी ओढणारा व्हॅक्यूम. हाताने विणलेल्या लोकरीच्या गालिच्याला झालरी सांभाळून नुसती व्हॅक्यूमची ओढ आणि पांढरं फडकं, ब्रशचं काम धुलाईवाल्यावर सोडावं. सुती सतरंजीला लव नसते, पण आडवे धागे वर असतात. ती दोन्ही बाजूंनी थापटून आडव्या धाग्याच्याच दिशेने मऊ ब्रशने झाडावी. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या वरंगळच्या सतरंज्या हिमायतनगरपासून फार लांब विणल्या जात नाहीत. असा माल घरात असेल तर तारेचा ब्रश त्याच्या जवळही नेऊ नये.

उरला खर्चाचा मुद्दा, आणि तो बिछायतवाल्यांच्या दृष्टीने सगळ्यांत खरा. पहिली खरेदी ओला-कोरडा, दोन्ही कामाचा व्हॅक्यूम ही असावी. तो धूळही ओढतो आणि पाणीही, म्हणजे मानकातला पहिला आणि तिसरा असे दोन टप्पे एकाच यंत्रात होतात. मात्र कोरड्या कामासाठी कापडी पिशवी आणि घडीचा फिल्टर दोन्ही घ्यावेत, कारण इथल्या बारीक मातीने फिल्टर लवकर बुजतो आणि ओढ कमी होते. दुसरी खरेदी मऊ आणि मध्यम नायलॉनच्या ब्रशांची. दोन रोलरचं मशीन तिसरं, आणि ते एका केंद्राला जड जात असेल तर गावातल्या तीन-चार केंद्रांनी मिळून घ्यावं. सगळ्यांचा हंगाम एकाच वेळी उतरत असला तरी धुलाईला पाठवण्याचे दिवस वाटून घेता येतात. पाठवताना प्रत्येक गालिच्याला चिठ्ठी बांधावी. धागा कोणता, रंग सुटतो का, कोणत्या डागावर काय लावलं, एवढं तीन ओळींत लिहिलं की धुलाईवाल्याला द्रावण निवडताना अंदाज बांधावा लागत नाही, आणि भाव ठरवताना बिछायतवाल्याच्या हातात बोलायला काहीतरी असतं.