सहीचा हक्क दिलात, सेवेचा कुठे आहे?



‘माझं कुणाला करावं लागू नये’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी ऐकू येतं. आता या भीतीला कायद्याचा कागद मिळाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी लिव्हिंग विल, म्हणजे शुद्ध गेल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, की काम झालं. गोव्यात तर २०२४ साली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात केली.

या कागदाला आमचा विरोध नाही. ज्याला नको त्याच्या नाकात नळी कोंबू नये. पण नकाराची सोय झाली आणि सेवेची राहून गेली, तर सही करणारा इच्छा लिहितो आहे की सुनेच्या रजा आणि ब्युरोच्या बाईचा पगार मोजतो आहे?

हा सगळा कायदा ज्या खाटेपाशी सुरू झाला, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातली. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. त्या १८ मे २०१५ रोजी गेल्या. मधली सगळी वर्षं तिथल्या सिस्टरांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, हे न्यायालयाच्या निकालात नोंदलेलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं ज्यांनी घरी केलं आहे, त्यांना या एका ओळीमागच्या रात्री दिसतील. ऐंशीच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी अरुणांना हलवायचा घाट घातला गेला, तेव्हा सिस्टर आंदोलनाला उतरल्या आणि तो बेत गुंडाळावा लागला. पुढे लेखिका पिंकी विराणी यांची दयामरणाची याचिका आली. अरुणांच्या वतीने बोलायचं कुणी, हा प्रश्न ७ मार्च २०११ च्या निकालात सुटला. न्यायालयाने तो मान केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, कारण त्यांचं करत होत्या त्या सिस्टर.

आणि आता इच्छापत्राचे नियम वाचा. आपण बेशुद्ध असताना निर्णय कोण घेईल, तिथे नाव लिहायचं ते पालकाचं किंवा जवळच्या नातेवाइकाचं. ज्या सिस्टरांमुळे हा विषय देशासमोर आला, त्यांचं नाव त्या रकान्यात बसत नाही! आयुष्यभराची मैत्रीण बसत नाही, दहा वर्षं उठवबसव करणारी मावशीही नाही. परगावचा पुतण्या बसतो. करणाऱ्यांना त्या रकान्यात बसवणं अशक्य आहे म्हणून नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्ण कुणाही सज्ञान माणसाला आपला प्रतिनिधी नेमू शकतो आणि नेमलाच नसेल तर नातेवाइकांच्या पाठोपाठ सोबत राहून काळजी घेणाऱ्याचा क्रम लागतो, मग तो पगारी का असेना. एका कायद्याला जे कळलं ते दुसऱ्याला कळायला काय हरकत आहे?

‘करणाऱ्यांच्या हाती सगळं दिलंत तर ते सोय बघतील,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय सांगितलं? पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता ठेवणं जमत नाही. आज दिव्यांग हक्क कायदा, २०१६ प्रमाणे संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येत नाही, आणि हे बंधन हवंच. पण शिरूरमध्ये आणखी चार आया नेमणं आणि गर्भाशय काढणं यातलं व्यवस्थेला काय स्वस्त वाटलं, हेही विसरू नका. सेवेला माणूस दिला नाही, की त्याची किंमत परावलंबी माणसाच्या शरीरातून वसूल होते. तिथे सुरी होती, उद्या सहीचं पेन असेल.

याच २०१६ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मात्र त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी पळवाट जोडलेली आहे. तुमच्या गल्लीत तो कुणाला मिळतो, विचारून पाहा. केरळ ‘आश्वासकिरणम’ योजनेखाली काळजीवाहकाला महिना ६०० रुपये देतं. डायपरलाही पुरत नाहीत, तरी घरात अंथरूण धुणाऱ्या बाईला सरकारदरबारी नाव तरी आहे. आपल्याकडे आयुष्मान कार्ड रुग्णालयात भरती झाल्यावर चालतं. घरी आणल्यावर जी वर्षं काढायची, ती सून, लेक आणि बायको यांच्या अंगावर.

तेव्हा पालिकेत इच्छापत्राची प्रत द्यायला जाल, त्याच दिवशी काळजीवाहक भत्त्याचा अर्जही मागा. वस्तीत घरी येणारी नर्स कधी मिळेल, तेही विचारा. ‘अशी सोय नाही’ म्हणाले, तर तसं लेखी घ्या आणि तो कागद घेऊन आमदाराच्या दारात जा.