रजा म्हणजे रजा

गेल्या महिन्यात माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. सकाळी ॲडमिट, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. पोटावर फक्त तीन बारीक छिद्रं! बघायला येणाऱ्यांचे मात्र सरळ दोन पक्ष पडले. आई आणि तिच्या वयाची मंडळी म्हणायची, "दीड महिना पलंगावरून उठायचं नाही." ऑफिसातली मंडळी म्हणायची, "हल्ली हे काहीच नाही रे. सोमवारी लॉगिन करशील ना? घरूनच तर करायचंय."

माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात. पण दुसरा जास्त.

आईच्या सल्ल्याला इतिहास आहे. पूर्वी स्नायूंच्या कडा एकमेकींकडे ओढून शिवत, त्यामुळे टाक्यांवर ताण यायचा. १९८९ साली लिश्टेनस्टाइन या अमेरिकन सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जाळी लावून, ताण न देता करायची पद्धत प्रसिद्ध केली. आता तर दुर्बिणीतूनही जाळी बसवतात. म्हणून आज डॉक्टर पहिल्याच दिवशी चालायला लावतात. नुसतं पडून राहिलं की बद्धकोष्ठ होतो, मग कुंथावं लागतं, आणि पोटावर नेमका नको तो दाब येतो.

आता दुसरा पक्ष. जाळी बसली म्हणजे काम संपलं असं नाही. तिच्या छिद्रांतून आपल्याच पेशी वाढून ती पक्की व्हायला काही आठवडे जातात. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीज झालाय, स्टेबल व्हायचाय. म्हणून तर बरेच सर्जन ४ ते ६ आठवडे जड उचलू नका म्हणतात. पहिल्या आठवड्यात कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. अशा माणसाने तीन तास कॉलवर बसायचं? लॅपटॉप दोन किलोचा असतो म्हणून काम काही हलकं होत नाही.

आणि प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. मी चौथ्या दिवशी ऑनलाइन दिसलो, की पुढच्या पेशंटला मॅनेजर माझंच उदाहरण देणार. घरून काम करता येतं म्हणून आजारपणाची रजा आपोआप रद्द होत नाही, हे आपणच ठणकावून सांगायला हवं. मार्केट यार्डात ५० किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाला याच ऑपरेशननंतर खरी विश्रांती हवी असते. तो रोजंदारीवर असेल तर घरी बसला की त्या दिवसाची कमाई गेली. त्याला मिळायला हवी ती रजा आपल्याला पगारासकट मिळते, आणि आपण ती स्टेटस मीटिंगमध्ये घालवतो. कमाल आहे!

असो. ताप आला, जखमेतून पू आला, उलट्या थांबेनात किंवा लघवी होईना, तर गुगल न करता सर्जनला फोन करा. बाकी रोज चाला, भाजी-फळं खा, पाणी प्या आणि लॅपटॉप कपाटात ठेवा. (तोही दुसऱ्या कोणाला तरी उचलायला सांगा.)