कापड, प्रयोगशाळा आणि तंबू

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक वाटणी ठरलेली असते. मुलीला चांगले मार्क पडले तर सायन्स. कमी पडले, किंवा तिने शिवणकामाची, डिझाइनची आवड बोलून दाखवली, की मोठ्यांचा सूर उतरतो. ‘शिलाई काय, ती घरी बसूनही शिकेल,’ असे अब्बा म्हणतात आणि बाकीचे माना डोलावतात. आम्ही शिक्षक हे दरवर्षी ऐकतो. विज्ञान हुशारांचे आणि कापड उरलेल्यांचे, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे.

ही वाटणी किती कच्ची आहे, ते इंग्लंडमधल्या एका संशोधनावरून चांगले समजते. हे संशोधन दोन बहिणींपासून सुरू झाले आणि जॉर्डनच्या वाळवंटात, सीरियाच्या निर्वासितांपर्यंत जाऊन पोहोचले. म्हणून ते मुळापासून सांगतो.

हेलन स्टोरी या लंडनच्या नावाजलेल्या फॅशन डिझायनर. त्यांची बहीण केट स्टोरी जीवशास्त्रज्ञ. आईच्या पोटात गर्भ कसा घडत जातो, हा केट यांच्या अभ्यासाचा विषय. 1997 साली दोघी बहिणींनी मिळून एक काम केले. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या हजार तासांत काय काय घडते, ते त्यांनी पोशाखांच्या मालिकेतून दाखवले. फळ्यावरच्या आकृतीने जे समजत नाही, ते लोकांना कापडाच्या घड्यांतून आणि रंगांतून समजू लागले. कापड हे शिकवण्याचे साधनही होऊ शकते, हा यातला पहिला धडा.

पुढे हेलन यांनी रेडिओवर एका रसायनशास्त्रज्ञाला बोलताना ऐकले. ते शेफील्ड विद्यापीठातले प्राध्यापक टोनी रायन. पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ, हा त्यांचा विषय. हेलन यांनी त्यांना एक प्रश्न विचारला. बाटलीतले द्रव्य संपले की बाटलीनेही आपोआप नाहीसे व्हावे, असे प्लॅस्टिक करता येईल का? प्रश्न लहान मुलाने विचारावा तसा होता. रायन यांनी तो हसण्यावारी नेला नाही. यातून ‘वंडरलँड’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. त्यात अल्स्टर विद्यापीठातले कापडतज्ज्ञही सामील झाले. 2008 साली त्यांनी लोकांपुढे असे पोशाख टांगले, की ते हळूहळू पाण्यात उतरवले जात आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत विरघळून जात.

यात जादू काही नव्हती. हे कापड पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पदार्थाचे होते. कापड धंद्यात ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठीही हा पदार्थ वापरतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांना ‘सायझिंग’ हा शब्द नवा नाही. यंत्रमागावरचा कारागीर आणि विद्यापीठातला प्राध्यापक एकाच रसायनाशी रोज व्यवहार करतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

या जोडीचा पुढचा प्रयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. टायटॅनियम डायऑक्साइड ही एक पांढरी भुकटी असते. भिंतीच्या रंगाला पांढरेपणा देण्यासाठी ती घालतात. तिचे अतिसूक्ष्म कण उजेडात ठेवले, की ते हवेतल्या ऑक्सिजनला आणि पाण्याच्या वाफेला चेतवतात. गाड्यांच्या धुरातून येणारे नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू मग तिथेच बदलून नायट्रेट होतात. हे नायट्रेट पाण्यात विरघळते आणि धुताना निघून जाते. कण स्वतः संपत नाहीत, आपले काम करत राहतात. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, हे नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक असेल.

हेलन आणि रायन यांनी विचार केला, की हे कण कपड्यांवरच का बसवू नयेत? आपण कपडे घालून रस्त्याने चालतो, हात-पाय हलतात, हवा कपड्याला सतत लागत असते. कपडे धुतानाच हे कण कापडावर चढावेत, अशी त्यांची कल्पना होती. सुती कापडावर, विशेषतः जीन्सच्या डेनिमवर, ते चांगले बसतात. अशा कपड्यांत दिवसभर वावरणारा एक माणूस रोज सुमारे 5 ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड हवेतून काढू शकेल, असा त्यांचा अंदाज होता. घरातली एक मोटार दिवसात साधारण तेवढाच वायू सोडते. धुण्याच्या पाण्यातून हे सूक्ष्म कण शेवटी कुठे जातील, हा प्रश्नही अशा संशोधनाला विचारावाच लागतो. पण तत्त्व खरे होते आणि प्रयोगशाळेत ते दिसलेही होते.

तरीही हे कपडे दुकानात आले नाहीत. बाजाराला पडलेली अडचण सरळ होती. हवा साफ होणार, पण ती कोणाच्या वाट्याला येणार? मी कपडा घालून पुढे निघून जाणार आणि साफ हवा माझ्या मागून येणाऱ्याला मिळणार. फायदा दुसऱ्याचा असेल, तर गिऱ्हाईक पैसे का मोजेल? रसायनशास्त्राने जी गाठ सोडवली होती, ती माणसाच्या हिशेबाने पुन्हा बांधली.

वाचकहो, इथे आपणही थोडे थांबले पाहिजे. एका माणसाच्या कपड्याने शहराची हवा सुधारणार नाही. सगळ्यांनी घातले तरच सुधारेल, आणि तेव्हा मागून येणारे आपणही असू. आपल्या मोहल्ल्यातला कचरा, गटार, घरासमोर लावलेले झाड या सगळ्याचा हिशेब असाच आहे. शाळेत स्वच्छतेच्या निबंधाला दहापैकी नऊ मार्क घेणारा मुलगा गेटबाहेर पडताच वेफरची पिशवी रस्त्यावर टाकतो. त्याला माहिती कमी नसते. ‘मला काय मिळणार’ या प्रश्नाशीच तो अडलेला असतो.

ते तंत्र मात्र वाया गेले नाही. 2014 साली शेफील्ड विद्यापीठाच्या इमारतीवर 10 मीटर रुंद आणि 20 मीटर उंच असा एक फलक लावला गेला. त्यावर कवी सायमन आर्मिटेज यांची हवेची थोरवी सांगणारी कविता छापलेली होती आणि फलकाला याच कणांचा लेप होता. तो रोज सुमारे 20 मोटारींचे प्रदूषण शोषून घेईल, असे विद्यापीठाने सांगितले होते. कविता शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना याचे अप्रूप वाटते.

आता जॉर्डनकडे येऊ. सीरियातल्या युद्धामुळे घर सोडून आलेल्यांसाठी 2012 च्या जुलैत जॉर्डनच्या उत्तरेला, सीमेपासून थोड्याच अंतरावर, झातरी ही छावणी उघडली. पुढे अनेक वर्षे तिथे सुमारे 80 हजार लोक राहत होते. त्यातले पुष्कळ जण दरआ या शेतीच्या प्रदेशातून आलेले. याच छावणीत एका कुटुंबाने वापरलेला, आता निकामी झालेला तंबू संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने हेलन स्टोरी यांना दिला. त्यांनी त्याचा एक मोठा झगा शिवला. 2015 च्या नोव्हेंबरात, पॅरिसच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, तो लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात ठेवला गेला. पॅरिसची रेल्वे इथूनच सुटते. झग्याच्या कापडावर प्रकाशाच्या साहाय्याने हवामान बदलाची माहिती उमटत होती. पुढच्याच वर्षी मालीच्या गायिका रोकिया त्राओरे तो घालून ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात उभ्या राहिल्या. वर्तमानपत्रातली निर्वासितांची आकडेवारी वाचून जे पान उलटतात, त्यांच्यापुढे एका कुटुंबाचे छप्पर येऊन उभे राहिले.

हेलन एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या प्रत्यक्ष झातरीला गेल्या आणि टोनी रायन यांनाही सोबत नेले. तिथे रायन यांना वापरून टाकलेल्या गाद्यांचे ढीग दिसले. त्या गाद्यांचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, त्यांच्याच अभ्यासातला पदार्थ. शेफील्डला ते वनस्पतींचे अभ्यासक डंकन कॅमेरॉन यांच्याबरोबर मातीऐवजी फोममध्ये रोपे वाढवण्याचे प्रयोग करत होतेच. वाळवंटात पाण्याची टंचाई आणि सुपीक जमिनीचा अभाव. पण गाद्या भरपूर होत्या आणि पिढ्यान्पिढ्या शेती केलेले हातही होते. फोमचे तुकडे डब्यांत, बादल्यांत भरले, त्यात पाणी आणि खतद्रव्ये सोडली आणि रोपे लावली. टोमॅटो, मिरची, वांगी, पुदिना उगवला. जमिनीतल्या लागवडीपेक्षा 70 ते 80 टक्के कमी पाणी लागते, असे शेफील्ड विद्यापीठ सांगते. फोमचे रसायन प्राध्यापकांना ठाऊक होते. पण कोणते पीक केव्हा लावायचे आणि पान का पिवळे पडते, हे शेतकऱ्यांना ठाऊक होते. दोघांनी एकमेकांकडून घेतले.

या साऱ्या कामाची सुरुवात एका शिवणाऱ्या बाईच्या प्रश्नातून झाली. रसायनशास्त्रज्ञाशिवाय तिचा प्रश्न कल्पनाच राहिला असता. तिच्याशिवाय रसायनशास्त्रज्ञ त्या गाद्यांपर्यंत पोहोचलाच नसता.

म्हणून आई-वडिलांना आमचे सांगणे आहे, की मुलीने कापडाचे नाव काढले तर तिला खाली बसवू नका, आधी नीट विचारा. तिला नक्की काय आवडते? शिवणे, रंग, सूत, की यंत्र? कापडाच्या इंजिनिअरिंगला बारावी सायन्स, गणितासह, आणि सीईटी लागते. मुंबईला व्हीजेटीआयमध्ये आणि इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत ते शिकवतात. रंगाई आणि धाग्यांचे रसायन शिकायचे तर माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठात कापड आणि पोशाख हा विषय आहे. खारघरच्या निफ्टमध्ये डिझाइनच्या पदवीला बारावीची कोणतीही शाखा चालते, प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते. दहावीतच हे माहीत असेल तर शाखा निवडताना चूक होत नाही. बारावीनंतर कळले तर गणित सोडून दिलेल्या मुलीला परतीची वाट अवघड जाते.

आणि ज्या मुली आज घरी मशीनवर बसून दुपट्ट्यांना लेस लावतात, त्यांनाही एक काम सांगतो. उरलेल्या चिंध्यांचे काय होते, हा रंग पहिल्या धुण्यात का जातो, हे कापड उन्हाळ्यात का चिकटते, असे प्रश्न वहीत लिहून ठेवा. मग ती वही शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना, मॅडमना नेऊन दाखवा. त्यांना सगळी उत्तरे येणार नाहीत, पण दोघांनी मिळून शोधायला लागणे, यालाच संशोधन म्हणतात.