सहा फासे आणि आपली मराठी

माझे मामा बोटीवर असतात. बोटीवरचे बरेच सहकारी फिलिपिन्सचे. त्यांतला मनिलाचा एक जण मूळचा चिनी घराण्यातला, धर्माने आमच्यासारखाच कॅथोलिक. त्याने मामांना एक फाशांचा खेळ शिकवला आणि सुट्टीत घरी आल्यावर मामांनी तो आम्हाला शिकवला. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे.

चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मध्य-शरद सण असतो. आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या किंवा कोजागरीच्या सुमारास. २०२५ साली तर हा सण आणि कोजागरी एकाच दिवशी आले, ६ ऑक्टोबरला. फिलिपिन्समध्ये या दिवशी सरकारी सुट्टी नसते, तरी चिनी-फिलिपिनो कुटुंबं सोयीची एखादी संध्याकाळ धरून जमतात. मूनकेक असतो, जेवण असतं आणि नंतर टेबलावर चिनीमातीचं भांडं येतं, त्यात सहा फासे.

या फाशांवरचा एक्का आणि चौका लाल असतो. एक लाल चौका पडला की सगळ्यांत लहान बक्षीस. अशी ३२ बक्षिसं, मग १६, ८, ४, २ आणि शेवटी एकच मोठं; एकूण ६३. चार चौके आले की ‘च्योंग-ग्वान’, म्हणजे राजाच्या परीक्षेत देशात पहिला आलेला विद्वान. पण दुसऱ्याला त्याहून भारी दान पडलं तर मोठं बक्षीस हातचं जातं. त्यामुळे भांडणंही भरपूर! फासा भांड्याबाहेर उडाला तर पाळी फुकट. बक्षिसं अगदी घरगुती: मुगाचं सारण भरलेली होपिया, साबण, तेल, टॉवेल.

यातल्या बहुतेक कुटुंबांचं मूळ गाव चीनच्या दक्षिण फुज्यान भागात. हा खेळही तिकडच्याच श्यामेन शहराकडचा. ती परीक्षा १९०५ मध्ये बंद झाली, पण तिची पदवी अजून मनिलाच्या जेवणाच्या टेबलावर ओरडून सांगितली जाते, तीही होक्किएन भाषेत. ओरडणारी नातवंडं एरवी टागालोग आणि इंग्रजी बोलतात. आजीला ‘आमा’, आजोबांना ‘आंगकोंग’ म्हणतात, पण होक्किएनमध्ये सलग गप्पा मारणं अनेकांना जमत नाही.

मला कोणी कोणी विचारतं, ‘तू ख्रिश्चन, मग मराठी मंडळात कशी?’ मनिलाच्या बिनोंदो वस्तीत हा प्रश्न कोणाला पडणार नाही. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी १५९४ मध्ये ती वस्ती ख्रिस्ती झालेल्या चिन्यांसाठीच वसवली. तिथल्या एका रस्त्यावरच्या क्रुसासमोर लोक आजही उदबत्त्या लावतात. धर्म बदलला म्हणून आजीची भाषा परकी होत नाही.

पण चार शब्दांनी भाषा जगते का? नाही जगत, हे मलाही मान्य आहे. तरी एक फरक बघा. त्या घरात त्या चार शब्दांवाचून खेळ पुढे सरकत नाही. तिथे भाषेला काम आहे. आपण बेळगावात पाट्यांवर मराठी किती असावी यावर तावातावाने बोलतो आणि घरी आलो की धाकट्या भावंडांशी इंग्रजीत सुरू होतो. आमच्या घरात मराठी उरलीय ती प्रार्थनेत आणि आईच्या ओरडण्यात. आम्हा मुलांना ती वापरायची वेळच येत नाही. दरवर्षी २७ फेब्रुवारीला आपण मराठीच्या थोरवीची भाषणं ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि बाहेर पडताना ‘सी यू’ म्हणतो. मीही म्हणते.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. या वर्षी एक भाषण कमी करा आणि हाउझी ठेवा. चर्चच्या फेस्तापासून लग्नापर्यंत आपण सगळे ती खेळतोच, फक्त नंबर इंग्रजीत पुकारले जातात. या वेळी फक्त मराठीत पुकारायचे: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. इंग्रजीत परत सांगणार नाही. शेजाऱ्याला विचारा, आजीला फोन लावा, काहीही करा.

पुकारायला मी तयार आहे. ‘एकोणऐंशी’ ऐकून ८९ कापणाऱ्याची मात्र बोगी!